घाट, वळण आणि बोगदा : वेगवान लोहमार्गाची डोंगरातील वाट

कन्हानकाठच्या बोलण्यात ‘घाट’ म्हणजे नदीचा उतार. ‘रेतीघाट’ हा येथील व्यवहारातील नित्याचा शब्द होय. कोकण व देश यांच्या सीमेवर मात्र हाच शब्द सह्याद्रीतील चढणीच्या वाटेला लावतात. संस्कृत ‘घट्ट’ याचा अर्थ पाण्यात उतरण्याची जागा असा आहे. दोन्ही उपयोगांच्या मुळाशी कल्पना एकच दिसते : चढण्या-उतरण्यास जमिनीनेच दिलेली जागा. एकोणिसाव्या शतकातील लोहमार्गाने हा शब्द जसाच्या तसा स्वीकारला; अतिवेगवान लोहमार्गाला मात्र तो लागू पडत नाही. असे का व्हावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या योजनेनुसार बांधलेला बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. सुमारे २५ किलोमीटरांत ५५८ मीटर उंची गाठावयाची होती. त्यासाठी १:३७ पर्यंतचा चढ, २५ बोगदे आणि तीव्र वळणे पत्करावी लागली. एका ठिकाणी तर पुढे जाण्यास वावच नव्हता. तेथे इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकास लावून तिला उलट दिशेने चढवीत. ही व्यवस्था १९२९ पर्यंत टिकली. १८६१ साली या कामावर ४२,००० हून अधिक मजूर राबत होते आणि पटकीसारख्या रोगांनी त्यांतील पुष्कळांचा बळी घेतला. एवढे सायास करूनही मार्ग शक्यतो डोंगराच्या कलाने जात होता. म्हणून त्याला ‘घाट’ हे नाव शोभले.

वेग वाढला की ही तडजोड संपते. वळणावर गाडीला बाहेर लोटणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट करावयाचा, तर बाकी सर्व तसेच ठेवून वळणाची त्रिज्या चौपट करावी लागते. चढाचे तसे नाही. १९८१ साली सुरू झालेल्या पॅरिस-लियाँ वेगवान मार्गावर हजार मीटरांस ३५ मीटर, म्हणजे बोरघाटाहूनही तीव्र चढ आहेत. आणि त्यावर एकही बोगदा नाही. मालगाड्यांसाठी तो बांधलेलाच नसल्यामुळे हलक्या व शक्तिमान प्रवासी गाड्या तो चढ सहज ओलांडतात. यावरून दिसते की, वेगाला अडचण उंचीपेक्षा वळणाची अधिक आहे. फ्रान्समधील त्या भागातील सौम्य टेकड्यांवरून सरळ मार्ग नेता आला. जेथे डोंगररांगा दाट व उभ्या असतात तेथे सरळ रेषेला पोटातूनच जावे लागते. जपानमध्ये ओसाका ते हाकाता या वेगवान मार्गाची सुमारे निम्मी लांबी बोगद्यांत आहे.

आपल्याकडे या विचाराची पहिली मोठी कसोटी कोकण रेल्वेवर लागली. ताशी १६० किलोमीटर वेगाचा संकल्प धरून तिची किमान वळणत्रिज्या १,२५० मीटर आणि कमाल चढ १:१५० ठेवण्यात आला. परिणामी १९९८ साली पूर्ण झालेल्या सुमारे ७४० किलोमीटरांच्या मार्गावर ९१ बोगदे आले. रत्नागिरीजवळील करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरांचा आहे. पण कामाची खरी परीक्षा लांबीने पाहिली नाही. गोव्यातील पेडणे बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा. तरी मऊ, पाणी धरणाऱ्या मातीमुळे तोच सर्वांत उशिरा पुरा झाला. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरून वाहतूक थांबली. उघड्या खोदकामाचा धोकाही थोडा नाही. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून झालेल्या अपघातात सुमारे पन्नास प्रवासी दगावले. या मार्गावर दरवर्षी पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागतो, हे त्या संकल्पित वेगावरील निसर्गाचे भाष्यच होय.

कठीण जांभ्याखाली दडलेल्या मऊ पांढरट मातीला किनारपट्टीच्या दक्षिण भागात ‘शेडी’ म्हणतात. असे शब्द निव्वळ बोलीतील अलंकार नव्हेत. वरचा थर टणक असला तरी खालचा तसा असेलच असे नाही, हा विहीर खणणाऱ्यांचा अनुभव त्यांत साठलेला आहे.

मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरांचा, ताशी ३२० किलोमीटर वेगाचा मार्ग पालघर जिल्ह्यात सात डोंगरी बोगद्यांतून नेण्याची योजना आहे. डोंगर सुरुंगाने फोडताना प्रत्येक स्फोटानंतर उघडा पडलेला खडक पाहूनच पुढचा आधार ठरवावा लागतो. म्हणजे जमिनीचे ऐकण्यावाचून सुटका येथेही नाही. पूर्वी ते पायाखाली ऐकावे लागे, आता डोक्यावरही ऐकावे लागते. लोहमार्गाच्या सर्वेक्षणात खडकांच्या नमुन्यांबरोबर माती, झरे व दरडी यांची स्थानिक नावे अर्थासह नोंदली जावीत, ही अपेक्षा म्हणूनच केवळ भाषाभ्यासकाची हौस ठरू नये. ती नावे प्रमाण मानण्याची गरज नाही. त्यांनी दाखविलेली जागा एकदा छिद्र घेऊन तपासावी, इतकेच.