बॅकअप घेता येतो, मग परत का चढवता येत नाही?
बॅकअप घेण्याची परवानगी आहे, म्हणजे तो परत चढवण्याचीही असणारच, असा समज सर्रास आढळतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तसे नाही. तिथे रिस्टोअर (बॅकअपमधून डेटाबेस पुन्हा उभा करणे) ही परवानगी वेगळी असते. ‘डीबी-ओनर’ या रोलमधल्या (अधिकारांचा ठरावीक संच) सभासदालाही ती आपोआप मिळत नाही. नाव मात्र मालकाचे!

कारण असे, की या रोलमध्ये कोण कोण आहे याची यादी त्याच डेटाबेसच्या आत असते. सोसायटीची सभासद-वही कुलूपबंद कार्यालयात राहिली, तर दारावरचा रखवालदार सभासद ओळखणार कसा? बिघडलेला डेटाबेस उघडतच नाही, तेव्हा सर्व्हर स्वतःजवळची यादी पाहतो.

म्हणून लगेच ‘सिस-अ‍ॅडमिन’ (सर्वाधिकारी) व्हावे लागते, हाही गैरसमजच. सर्व्हरच्या पातळीवरचा ‘डीबी-क्रिएटर’ रोल पुरतो. अस्तित्वात असलेल्या डेटाबेसचा मालक म्हणून सर्व्हरकडे नोंदलेले लॉगिनही चालते. फक्त डीबी-क्रिएटर जपून द्यावा. त्याला त्या सर्व्हरवरचा कोणताही डेटाबेस पुसताही येतो.