कोल्हासुराच्या गावात असुर मारण्याचा खेळ

कळंबा म्हटले की कोल्हापूरकरांना दोन गोष्टी आठवतात, तलाव आणि कारागृह. आज संध्याकाळी तलावाच्या बांधावर गेले तर तिसरीही दिसते. चार-चार पोरे मोबाइलमध्ये मान घालून बसलेली असतात. त्यांत आमच्या वस्तीतील पोरेही असतात. ‘पोरगं वाया गेलं’ म्हणून आमचे कार्यकर्ते हळहळतात आणि पुढे जातात. पण पोरगे त्या पडद्यावर कोणाला मारते आहे, आणि ज्याला मारते आहे त्याला राक्षस कोणी ठरवले, हे विचारायला कोणी थांबत नाही.

पूर्वी पुराण ऐकावे लागे. पुढे १९८७ साली रामायण टी.व्ही.वर आले आणि गावेच्या गावे पडद्यासमोर बसली. तिथेही माणूस फक्त बघत होता. गेममध्ये वध तुम्हालाच करावा लागतो, तोही शेकडो वेळा.

परदेशात गेली दहा-बारा वर्षे या खेळांतील पात्रांवरून मोठा वाद चालू आहे. २०१५ साली आलेल्या ‘द विचर ३’ या पोलंडमधील गेममध्ये भुते, चेटकिणी, उडणारे प्राणी सगळे आहेत, पण काळा माणूस का नाही, असे टीकाकारांनी विचारले. त्यावर खेळणाऱ्यांपैकी अनेकांचे उत्तर असे की, ही कथा स्लाव्ह लोकांच्या दंतकथांवर आधारलेली आहे, तिथे काळे लोक कसे असतील? म्हणजे उडणारा राक्षस चालतो, काळा शेजारी चालत नाही! ही मानसिकता आम्हाला ओळखीची आहे. आमच्याकडे माणसाचे डोके कापून हत्तीचे बसवता येते. पाणवठ्यावर महाराचा हात लागला की मात्र धर्म बुडतो.

पण कातडीच्या रंगापेक्षा खोल असा एक प्रश्न या वादात आहे, आणि आंबेडकरी वाचकांनी तिकडे लक्ष द्यावे. या जातीच्या बहुतेक खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९७४ साली अमेरिकेत निघालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो कागद-फाशांचा खेळ, पण त्याचे नियम पुढे संगणकावरील कितीतरी खेळांनी उचलले. खेळाडूने आधी आपला ‘वंश’ निवडायचा. वंश निवडला की बळ किती, बुद्धी किती हे ठरू लागते. सन २००० च्या आवृत्तीत अर्ध्या ऑर्क रक्ताच्या पात्राला बळ दोनने जास्त मिळे, बुद्धी दोनने कमी. ऑर्क जमात तर मुळातच दुष्ट म्हणून रंगवलेली. हे चातुर्वर्ण्य नव्हे तर काय? मनूने जे ऋचांचा आधार घेऊन केले ते इथे आकड्यांत केले.

तिथल्या लोकांनी यावर आवाज उठवला. २०२० साली कंपनीने जाहीर कबुली दिली की, ऑर्क आणि काळ्या कातडीचे ड्रो यांना जन्मजात दुष्ट दाखवणे खऱ्या जगातील वंशद्वेषाशी मिळतेजुळते आहे. २०२२ मध्ये ‘वंश’ हा शब्दच टाकून ‘प्रजाती’ हा शब्द घेण्याचे ठरले. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात बळ-बुद्धीची वाढ जन्मावरून काढून पात्राच्या पूर्वायुष्यावर ठेवली. हे चांगलेच झाले. मात्र नाव बदलून काम भागत नाही, हे बाबासाहेबांच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. वर्ण जन्मावर नाही, गुणांवर आहे, असे आर्यसमाजी म्हणत तेव्हा बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ मध्ये विचारले होते की, मग ब्राह्मण, क्षत्रिय ही जुनी नावे कशाला जपता?

आता आपल्या घरात डोकावू. २०२० साली पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या छोट्या कंपनीने ‘राजी’ नावाचा गेम काढला. प्राचीन भारतावरचा हा गेम जगभर गाजला, त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. नायिका मुलगी आहे, तीही जत्रेत कसरती करून पोट भरणारी अनाथ पोर. गोऱ्या सरदारांच्या गर्दीत अशी सावळी पोर उभी राहिली याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. आमच्याकडे दोरीवर चालणारी पोर डोंबाऱ्याची किंवा कोल्हाट्याची असते, आणि तिला देव शस्त्र देत नाहीत, पोलीस नाव-गाव विचारतात, हा भाग वेगळा.

पण हातात दुर्गेचे त्रिशूळ घेऊन ही पोर लढते कोणाशी? असुरांशी. त्यांच्या सरदाराचे नाव महाबलासुर. आम्हाला हे नाव वाचून बळीराजा आठवतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून सांगितले की, पुराणांनी ज्यांना दैत्य-राक्षस ठरवले ते इथले मूळ रहिवासी, इथले रक्षक होते. फुल्यांचे हे मांडणे इतिहासाच्या काट्यावर किती उतरते यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. झारखंडात असुर नावाची आदिवासी जमात आजही आहे, पिढ्यान्पिढ्या लोखंड गाळणारी, महिषासुराला आपला पूर्वज मानणारी. त्या जमातीतील पोराच्या हातात हा गेम पडला तर त्याने त्रिशूळ कोणत्या बाजूने धरायचे?

आणि लांब झारखंडला कशाला जायचे? आम्ही राहतो त्या शहराचे नावच असुराचे. देवीने कोल्हासुराला मारले आणि मरताना त्याने मागितले म्हणून गावाला त्याचे नाव राहिले, अशी इथली कथा आहे. ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडून तो वध दरवर्षी पुन्हा होतो. पण मारणाऱ्यांनाही त्याचे नाव पुसता आले नाही. कोणता राक्षस मरताना गावाला आपले नाव मागतो? गावावर जीव असलेला राजाच ते मागेल. या एका प्रश्नावर उत्तम गेम उभा राहू शकतो, ज्यात खेळणारा कोल्हासुराच्या बाजूने गाव राखतो. तो कोणी केला नाही, कारण तो सुचणारा माणूस त्या खोलीत बसलेला नाही.

आमचा मुद्दा इथे येतो. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्यांना ५० टक्के जागा राखल्या. दरबाराच्या भिंतीवर मागासवर्गीयांची चित्रे लावा असा तो हुकूम नव्हता, नोकरीत घ्या असा होता. गेममध्ये दोन सावळी पात्रे घातली की प्रतिनिधित्व झाले, असे आम्ही मानत नाही. कथा लिहिणारा कोण, चित्र काढणारा कोण, शत्रूचे नाव ठरवणारा कोण, हे आम्ही विचारणार.

महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये अॅनिमेशन, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे. त्यातून प्रशिक्षण, अनुदान, जमिनी दिल्या जातील. त्या पैशात अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांचा वाटा किती, हे आमच्या आमदारांनी सभागृहात विचारले पाहिजे. बार्टी स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवते, ते चालवावेतच. पण त्याच्या जोडीला गेमची कथा, चित्र आणि प्रोग्रॅमिंग शिकवणारी एक निवासी तुकडी पुण्यात सुरू करायला काय हरकत आहे? कळंब्याच्या बांधावरची पोरे पात्रता परीक्षेला घाबरणारी नाहीत. त्यांना अर्जाची तारीख तेवढी वेळेवर कळवा.