वादळ गेल्यावर शाळेला आधी काय लागतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलताना मी भरकटतो, तेवढं छाटलंय. बाकी बोललो तसंच.

मे महिना आला की हिंजवडीतल्या श्रोत्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "कंपनीत फंड आहे, पोरं यायला तयार आहेत. कोकणात वादळ आलं तर शाळांसाठी नेमकं काय करायचं?" याचं उत्तर मी देऊ शकतो, कारण हे काम मी एकदा चुकीचं केलेलं आहे.

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 110-120 किलोमीटर. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, खाली दापोली, मंडणगड, सगळीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि घरांबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळांची छपरंही गेली. शाळा तशाही मार्चपासून करोनामुळे बंद होत्या. कुठे कुठे वर्गात मुंबईहून आलेल्यांचं विलगीकरण चालू होतं. वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, म्हणजे ऑनलाइन शिक्षणाचा प्रश्नच मिटला.

आम्ही ऑफिसातले सात-आठ जण ई-पास काढून, ताम्हिणी उतरून, माणगावमार्गे श्रीवर्धन तालुक्यात गेलो. गाडीत दोनशे दप्तरं, वह्या, रंगपेट्या. शाळा तीन खोल्यांची, त्यातल्या दोन उघड्या आभाळाखाली. मुख्याध्यापिका बाईंनी आमचं स्वागत केलं, चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "दादा, हे सगळं ठेवू कुठे?" शेवटी ते एका घराच्या माळ्यावर गेलं. श्रावणापर्यंत निम्म्या वह्यांना बुरशी आली होती. बाईंना हव्या होत्या ताडपत्र्या, हूक-बोल्ट आणि एक कोरडं कपाट. आम्ही निघण्याआधी फोनवर विचारलंच नव्हतं. रेंज नव्हती हे खरं, पण तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारता आलं असतं.

आता कामाचं. आधी छप्पर. वारा पत्रा ढकलत नाही, तो वर ओढतो. छपरावरून वारा वेगाने गेला की वरचा दाब कमी होतो, आणि एखादी खिडकी फुटली की आतली हवा खालून रेटा देते. सिमेंटच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला साधारण 15 किलो. ताशी 115 किलोमीटर वाऱ्याचा जोर चौरस मीटरला 60 किलोच्या आसपास निघतो. म्हणजे पत्रा स्वतःच्या वजनावर बसून राहणं शक्यच नाही, तो बोल्टवर टिकतो. म्हणून छपरावर वाळूच्या गोण्या ठेवण्यावर माझा फारसा भरवसा नाही. ओढ सगळ्यात जास्त असते ती कडेला, कोपऱ्यात आणि आढ्याजवळ. तिथे बोल्ट जवळजवळ हवेत, गंजलेले बदलायला हवेत आणि भिंतीबाहेर आलेला पत्रा कमी ठेवायला हवा. मुळात खालचा सांगाडाच भिंतीत नीट बांधलेला नसेल तर नवे पत्रे आणून उपयोग नाही. दुसऱ्याच वर्षी, मे 2021 मध्ये, तौक्ते याच किनाऱ्याजवळून गेलं. देणगीदार पत्र्यांचे पैसे आनंदाने देतात. बोल्ट आणि सुताराच्या मजुरीचे पैसे मागितले की चेहरे पडतात. तुम्ही ते द्या.

दुसरी गोष्ट कुणाच्याच यादीत नसते: जनरल रजिस्टर. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, आधीची शाळा, सोडल्याची तारीख, सगळं त्यात असतं. जुन्या शाळांत तर तीन-चार पिढ्यांचं. उद्या जातीचा दाखला काढायचा, पडताळणी करायची, तर आजोबांची नोंद याच वहीत शोधली जाते. ऑनलाइन पोर्टलवर आजची मुलं सापडतील, आजोबा नाही सापडणार. भिजलेलं रजिस्टर आपण प्रेमाने उन्हात ठेवतो आणि पानं वाकडी होऊन चिकटून बसतात. ते सावलीत, पंख्याखाली वाळवायचं. वीज नसेल तर नुसत्या वाऱ्यावर. पानांमध्ये कोरे, शोषणारे कागद घालायचे आणि ते बदलत राहायचं. शाई पसरली असेल तर पुसायची नाही. पान सुटं झालं की लगेच मोबाईलवर फोटो. आपल्या आयटीवाल्यांनी कोकणात जाऊन रंगकाम करण्यापेक्षा वादळाच्या आधी एका केंद्रातल्या शाळांची रजिस्टरं स्कॅन करून दिली तर मी त्यांना स्वतः जेवायला घालीन. अर्थात मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन. त्यात लोकांची खासगी माहिती असते.

आता मुलं. नारळ नव्याने लावला तर फळाला पाच-सात वर्षं लागतात, पोफळीचंही तसंच. वाडीच्या मालकाला नुकसानभरपाई थोडीफार मिळते, वाडीत मजुरी करणाऱ्याला कसली मिळणार? तो निघतो, आणि त्याच्याबरोबर पोरं निघतात. कोकणातल्या लहान शाळेत पंधरा-वीसचा पट असतो. त्यातली चार मुलं गेली की 30 सप्टेंबरच्या पटावर होणाऱ्या संचमान्यतेत शिक्षकाचं पद धोक्यात येतं. वादळ जूनमधलं आणि त्याची झळ ऑक्टोबरात, कागदावर.

अमेरिकेत 2005 च्या कतरिना वादळानंतर लाखो मुलं दुसऱ्या गावांत, दुसऱ्या राज्यांत गेली. तेव्हा तिथल्या संसदेने डिसेंबरात कायदा करून, अशा मुलाला सामावून घेणाऱ्या शाळेसाठी मुलामागे 6,000 डॉलरपर्यंत मदत दिली, अपंग मुलामागे 7,500 पर्यंत. पैसा मुलाच्या मागे गेला. आपल्याकडे पैसा जात नाही, पण हक्क जातो. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 5: मूल दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाऊ शकतं, जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. कलम 14: वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. कलम 4: वयाला साजेशा वर्गात बसवायचं. शिवाय ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी पत्रक आहे, म्हणजे मूल जिथे जाईल तिथे शिकण्याची हमी देणारा कागद. तीच पद्धत वादळग्रस्तांसाठी का वापरू नये?

कुणी म्हणेल, मुलांना सरळ पुण्यात आणू. ते झालेलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांनी भारतीय जैन संघटनेतर्फे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली, पुढे त्यातून वाघोलीचं केंद्र उभं राहिलं. तेव्हा घरंच्या घरं गाडली गेली होती, त्यामुळे ते योग्यच होतं. पण वादळात बहुतेकदा आईवडील जिवंत असतात, गाव जागेवर असतं. तिथे मंदिराच्या सभामंडपात का होईना, तीच शाळा, तेच शिक्षक आठवड्याभरात सुरू झालेले बरे. गेलेल्यांसाठी मात्र आपण इथे तयार असायला हवं.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून एकच सांगतो. पुढच्या वर्षी आमच्या कॅम्पसवर एक नवा माळी आला. नारळाच्या शेंड्यावर सरसर चढणारा माणूस, इथे लॉनला पाणी घालत होता. श्रीवर्धनकडचा, त्याच बाईंच्या शाळेच्या गावचा. माणजवळ एका खोलीत चौघं राहायची. मुलगा चौथीचा, वर्षभर घरीच. इथल्या एका शाळेने आधी दाखला आणा म्हणून दोनदा परत पाठवलेलं. मी कलम 5 ची छापील प्रत घेऊन बरोबर गेलो. आवाज चढवायची वेळ आली नाही. तिथल्या सरांनी वाचलं, डोकं खाजवलं आणि अर्ज पुढे केला. दाखला मागाहून आला. त्याच्या आधी बाईंनी व्हॉट्सअॅपवर रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला होता. मधोमध पाण्याचा मोठा तपकिरी डाग, गावाचं नाव त्यात गेलेलं. जन्मतारीख मात्र स्पष्ट वाचता येत होती.