‘युद्ध’, ‘बलप्रयोग’ आणि ‘सशस्त्र हल्ला’ : सायबर हल्ल्यासंबंधी एक शब्दविचार

सायबर हल्ला युद्धकृत्य केव्हा ठरतो, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ विधिज्ञांचा वाटतो. परंतु बारकाईने पाहिले असता तो बऱ्याच अंशी शब्दार्थाचाही आहे, असे ध्यानात येते. वृत्तपत्रे ‘सायबर युद्ध’ हा समास सहज योजतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेतील ज्या दोन कलमांवर हा सारा विचार उभा आहे, त्यांत मात्र ‘युद्ध’ हा शब्दच नाही.

कलम २(४) राष्ट्रांना परस्परांविरुद्ध ‘बलप्रयोग’ करण्यास मनाई करते. कलम ५१ स्वसंरक्षणाचा हक्क राखून ठेवते, पण तो ‘सशस्त्र हल्ला’ झाल्यास. हे शब्द समानार्थी नव्हेत. निकाराग्वा खटल्यात (१९८६) हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बलप्रयोगाच्या अत्यंत गंभीर प्रकारांनाच सशस्त्र हल्ला मानले, आणि ‘व्याप्ती व परिणाम’ ही त्याची कसोटी सांगितली. सगळी मेख या दोहोंमधील अंतरात आहे. त्या अंतरात सापडलेल्या राष्ट्रावर अन्याय झालेला असतो, परंतु शस्त्राने प्रत्युत्तर देण्याची मुभा त्यास नसते. अमेरिका हा भेद मानीत नाही, हेही नमूद केले पाहिजे. शिवाय सनदेच्या फ्रेंच पाठात याच स्थळी ‘सशस्त्र आक्रमण’ अशा अर्थाची शब्दयोजना आहे, आणि दोन्ही पाठ सारखेच अधिकृत! मराठीत ‘हल्ला’ आणि ‘आक्रमण’ यांच्या अर्थच्छटा किती भिन्न आहेत, हे वाचकांस सांगावयास नको.

आता ‘सशस्त्र’ या विशेषणाकडे वळू. संगणकाची आज्ञावली हे शस्त्र होय काय? अण्वस्त्रांविषयीच्या १९९६ च्या सल्लामतात याच न्यायालयाने सांगितले की, वापरलेले शस्त्र कोणतेही असो, बलप्रयोगाचे नियम लागू होतात. म्हणजे विशेषण साधनावरून परिणामाकडे सरकले. अर्थांतराचा हा बोलका नमुना होय.

या कसोटीवर दोन घटना तपासून पाहाव्यात. २००७ साली एस्टोनियातील बँका, वृत्तपत्रे व शासकीय संकेतस्थळे कित्येक दिवस ठप्प झाली. देश हैराण झाला. परंतु कोणी मेले नाही, काही मोडले नाही, आणि नाटो कराराचे सामूहिक संरक्षणाचे पाचवे कलम लागू केले गेले नाही. याउलट २०१० साली उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने इराणमधील नातांझ येथील युरेनियम-समृद्धीकरणाची यंत्रे प्रत्यक्ष निकामी केली. टॅलिन मॅन्युअल (२०१३) सिद्ध करणाऱ्या तज्ज्ञांनी हा बलप्रयोग असल्याचे एकमताने मानले. सशस्त्र हल्ला म्हणावयाचे की नाही, यावर मात्र त्यांचे एकमत झाले नाही. हा ग्रंथ तज्ज्ञांचे मत आहे, राष्ट्रांमधील करार नव्हे. काहीही न मोडता एखाद्या देशाची अर्थव्यवस्थाच कोलमडली तर काय, हा प्रश्न अद्याप वादाचा आहे. मोठी आर्थिक हानीही पुरेशी ठरू शकते, असे फ्रान्सने २०१९ मध्ये जाहीर केले. माझ्या मते कसोटी इतकी सैल करणे धोक्याचे आहे. व्यापारी निर्बंधही मग त्याच न्यायाने हल्ला ठरू लागतील.

शब्दाचे मोल पैशांत किती, याचे उदाहरण विमाव्यवहारात सापडते. २०१७ च्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात मर्क या औषधकंपनीचे सुमारे १४० कोटी डॉलरांचे नुकसान झाले. हल्ल्यामागे रशिया आहे, असे अमेरिका व ब्रिटनने म्हटले होते. विमापत्रातील ‘युद्धसदृश कृती’च्या अपवादावर बोट ठेवून विमाकंपन्यांनी भरपाई नाकारली. न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये शब्दांचा रूढ अर्थ प्रमाण मानला आणि या अपवादास सैनिकी कृती अभिप्रेत आहे, असा निर्णय दिला. लंडनच्या लॉइड्स विमाबाजाराने त्याच वर्षीच्या मार्चअखेरीपासून स्वतंत्र सायबर विमापत्रांत, युद्धाच्या अपवादाखेरीज, राष्ट्रपुरस्कृत सायबर हल्ल्यांसाठी निराळे कलम घालावयास लावले आहे.