दुहेरी पत्ते, लेखांक ९ : एका पत्त्यामागे माणसं किती?

अंबडच्या एका वाचकांचा प्रश्न आलाय आणि येणाऱ्या मागण्या सर्व्हरांत वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरच्या बाबतीतला माझा सगळ्यात आवडता वाद त्यांनी नकळत उकरून काढलाय. ते लिहितात, निकालाच्या दिवशी आमच्या नेट कॅफेत निकालाचं पान उघडत नाही, '४२९' असा आकडा येतो. मुलं वैतागून फोनच्या डेटावर तेच पान उघडतात, तर लगेच दिसतं. कॅफेची लाइन फोनपेक्षा वेगवान आहे, मग घोडं कुठे अडतं?

वेगाचा इथे संबंधच नाही. ४२९ म्हणजे 'फार वेळा मागितलंत, जरा थांबा' हा निरोप. २०१२ साली आरएफसी ६५८५ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने तो ठरवून दिला. (आयपीव्ही४ चे एकूण पत्तेही सुमारे ४२९ कोटीच! निव्वळ योगायोग, आणि तोही कोटीत मोजणाऱ्यांनाच दिसणारा.) हा निरोप बऱ्याचदा मूळ सर्व्हरचा नसतो. क्लाउडच्या वेशीवरचा लोड बॅलन्सर किंवा त्याला जोडलेली फायरवॉल तो देते. एका पत्त्यावरून मिनिटाला अमुकच मागण्या घ्यायच्या, असा तिथे नियम असतो.

कॅफेत दहा कॉम्प्युटर असोत की वीस, राउटरबाहेर पडताना सगळ्यांचा आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीचा, पत्ता एकच. त्यात इंटरनेट कंपनीने सीजीनॅट, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच पत्ता वाटून देणारी यंत्रणा, लावलं असेल, तर त्याच पत्त्यामागे आणखी कितीतरी घरं. कंपन्यांचाही इलाज नाही, कारण आपल्या भागाला पत्ते वाटणाऱ्या एपनिककडे १५ एप्रिल २०११ लाच शेवटचा गठ्ठा उरला होता. मोंढ्यातल्या एका आडतीच्या पत्त्यावर पाच गावांचं टपाल यावं आणि 'या माणसाला फार पत्रं येतात' म्हणून पोस्टाने ते बंद करावं, तशातली ही गत.

फोनचं वेगळं. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला आलं ते आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, घेऊनच. अशा मोबाइल जाळ्यात प्रत्येक फोनला स्वतःचा /६४ मिळतो, म्हणजे पत्त्याचे पहिले ६४ बिट फक्त त्याचे. संकेतस्थळाचा लोड बॅलन्सर दुहेरी, म्हणजे दोन्ही पद्धतींच्या पत्त्यांवर चालणारा, असेल आणि डीएनएसमध्ये आयपीव्ही४ च्या 'ए'बरोबर आयपीव्ही६ ची 'क्वाड-ए' नोंदही असेल, तर फोन थेट आयपीव्ही६ ने जातो आणि वेशीवर एकटाच दिसतो. संकेतस्थळ नुसतं आयपीव्ही४ वर असतं तर हाच फोन मोबाइल कंपनीच्या, आयपीव्ही६ चं आयपीव्ही४ करून देणाऱ्या नॅट६४ मधून, सामायिक पत्त्याने गेला असता आणि निकाल दिसणं नशिबावर राहिलं असतं.

मग तोच नियम आयपीव्ही६ लाही लावला की झालं? भलेभले फसतात ते इथेच. /६४ मधले उरलेले ६४ बिट वापरणाऱ्याच्या हातात असतात. फोन स्वतःच खासगीपणासाठी तात्पुरते पत्ते बदलत राहतो, आणि खोडसाळ माणूस तर दर मागणीला नवा पत्ता घेऊन येईल. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये नेहमीच्या सवयीने पाहुण्याचा पत्ता चावी म्हणून दिला, की आयपीव्ही४ चे ४ बाइट धरले जातात आणि आयपीव्ही६ चे सोळाच्या सोळा. म्हणजे जुन्या पत्त्यात शंभर माणसं एक ठरतात आणि नव्यात एक माणूस हवा तितका होतो. म्हणून आयपीव्ही६ मोजायचं ते /६४ ने. घरच्या फायबरला कधी /५६ मिळतो, त्यात असे २५६ तुकडे बसतात. तेव्हा /५६ वर दुसरी, जरा सैल मर्यादाही ठेवावी.

वेशीच्या आत ॲप जुनंच, आयपीव्ही४ वालं असलं तरी चालतं. लोड बॅलन्सर बाहेरचं आयपीव्ही६ कनेक्शन स्वतःपाशी संपवतो, आत आयपीव्ही४ वर दुसरं उघडतो आणि पाहुण्याचा खरा पत्ता 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या हेडरमध्ये लिहून देतो. पण अशा ॲपच्या डेटाबेसमधला पत्त्याचा रकाना बऱ्याचदा १५ अक्षरांचा असतो आणि आयपीव्ही६ पत्ता ३९ अक्षरांपर्यंत जातो. डेटाबेसने तो मुकाट्याने कापला तर बोंबला! आयपीव्ही६ चं आरएफसी २४६० डिसेंबर १९९८ मध्येच निघालं, आणि पंधरा अक्षरांचे रकाने त्यानंतरही वर्षानुवर्षं बनत राहिले. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे असतात. शेपूट तुटलेला पत्ता १८० दिवस जपून मिळवायचं काय?

आता कॅफेचं. इंटरनेट कंपनी देत असेल तर राउटरवर आयपीव्ही६ सुरू करा. शेजारपाजारच्या घरांशी बांधलेली गाठ सुटेल. मात्र कॅफेतले सगळे कॉम्प्युटर सहसा एकाच /६४ मध्ये बसतात, तेव्हा /६४ ने मोजणाऱ्या वेशीवर अख्खा कॅफे पुन्हा एकच माणूस! त्यामुळे उरलेलं काम संकेतस्थळवाल्यांचं. निकालाला बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं. पत्त्यावरच्या मागण्यांऐवजी मोजायच्या त्या या दोन्हींच्या चुकीच्या जोड्या. बरोबर जोडी देणाऱ्याला, तो कुठल्याही पत्त्यावरून येवो, आत सोडावं.