'गीता' सरस की 'पल्लवी'?

बंगळुरूत इळयराजांचे चार चाहते एकत्र आले, की फिल्टर कॉफीचा पहिला घोट उतरण्याआधीच वाद पेटला म्हणून समजा! विषय ठरलेला. इळयराजांच्या कन्नड गाण्यांत सरस कुठली? १९८१च्या 'गीता'ची की १९८३च्या 'पल्लवी अनुपल्लवी'ची?

संगीतकार एकच, पण दोन्ही कॅसेट लागोपाठ ऐकल्या तर विश्वास बसू नये. 'गीता'तलं 'संतोषक्के' म्हणजे निव्वळ धमाल. ड्रम दणाणतात, बेस गिटार स्वस्थ बसू देत नाही आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम बेफाम सुटतात. 'पल्लवी अनुपल्लवी'चा नूरच वेगळा. मणिरत्नम यांचा हा पहिला चित्रपट, नायक चक्क अनिल कपूर! त्यातलं 'नगुवा नयना' इतकं हळुवार, की ऐकताना शेजारच्या खोलीतली कुजबुजही नकोशी व्हावी. इळयराजांनी उमेदवारी केली तीही कन्नड चित्रपट गाजवणाऱ्या जी. के. वेंकटेश यांच्या हाताखाली. त्यामुळे कन्नड श्रोत्याची नस त्यांना नवी नव्हती.

'पल्लवी'वाल्यांकडे एक हुकमी पत्ता असतो. आयडिया मोबाइलच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं वाजलेली ती चिमुकली धून आठवते? ती याच चित्रपटातली! महाराष्ट्रातही ती घरोघर वाजली, पण कुणाची हे किती जणांना ठाऊक होतं?

'गीता'वाले गप्प बसतात थोडेच! त्यांच्या 'जोतेयलि'ची चाल इळयराजांनी १९८४ मध्ये 'नूरावदु नाळ' या तमिळ चित्रपटात पुन्हा वापरली आणि २००७ मध्ये अमिताभ-तब्बूच्या 'चीनी कम'मध्ये तीच 'जाने दो ना' होऊन अवतरली. तीन भाषा, चाल एक, आणि पहिला मान कन्नडचा. (अर्थात, एखादी चाल किती वेळा वाजली यावर थोरवी ठरणार असेल, तर जाहिरातीची धूनच बाजी मारेल!)

पण 'गीता'चं माप काढताना तराजू सरळ राहत नाही. कारण तिचा नायक आणि दिग्दर्शक शंकर नाग. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेला, चाफेकर बंधूंवरच्या '२२ जून १८९७'च्या लेखनात हात असलेला, 'मालगुडी डेज' घराघरात पोहोचवणारा शंकर. १९८०च्या 'ऑटो राजा'नं त्याला बंगळुरूच्या रिक्षावाल्यांच्या गळ्यातला ताईत केलं. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ मोटार अपघातात तो गेला. वय अवघं पस्तीस.

'गीता'त मृत्यू उभा राहतो तो रक्ताच्या कर्करोगानं ग्रासलेल्या नायिकेसमोर. प्रत्यक्षात नायकच आधी गेला. मागे राहिल्या पत्नी अरुंधती नाग. पडद्यावरची गीता त्यांच्याच बहिणीनं साकारली होती. दोघांनी बघितलेलं नाट्यगृहाचं स्वप्न अरुंधतींनी २००४ मध्ये जे. पी. नगरात 'रंगशंकरा' उभारून पुरं केलं.

आता सांगा, 'संतोषक्के' नुसतं गाणं म्हणून कसं ऐकायचं? वाद अर्धवट टाकून चाहते घरी जायला रिक्षा धरतात. तिच्या पाठीवर बऱ्याचदा शंकरचाच हसरा चेहरा असतो. आत 'संतोषक्के' चालू असलं, तर कट्टर 'पल्लवी'वालाही आवाज कमी करायला सांगत नाही.