दोष केवळ मेंढीचा नाही

दिवाळी झाली, भाताची कापणी आटोपली, की आपल्या मावळात धनगरांचे कळप येतात. रिकाम्या खाचरांत रात्री मेंढ्या बसवतात, शेताला खत मिळते. काही कळप पुढे लोणावळ्याहून घाट उतरून कोकणात जातात. कळपातील एखादी मेंढी गाभण राहिली नाही, तर ती भाकड ठरवून खाटकाला विकली जाते. मेंढ्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. हे कितपत योग्य आहे?

आम्ही कलाशाखेचे पदवीधर, नोकरी बँकेतली. म्हणून हा शास्त्रीय विषय बँकेच्याच उदाहरणाने मांडतो. प्रत्येक शाखेत नियमांचे पुस्तक एकच असते. पण रोखपाल आपल्या कामाचे पान उघडतो, कर्जविभाग आपले. शरीराचेही तसेच आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात. परंतु ज्या पेशीला जे काम, तेवढीच जनुके तेथे जागी होतात. त्यांची नक्कल निघते आणि त्या नकलेवरून प्रथिने तयार होतात. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

मेंढ्याच्या वृषणात फार मोठ्या संख्येने जनुके जागी असतात, कारण तेथील काम अवघड आहे. पेशीतील ५४ गुणसूत्रांची २७ करायची, शेपटी घडवायची, डोक्यात डीएनए घट्ट बांधायचा. प्रत्येक टप्प्याची जनुके ठरलेल्या वेळी जागी व्हावी लागतात. डीएनए बांधणाऱ्या प्रोटामिन या प्रथिनाची नक्कल तर आधीच काढून ठेवली जाते व नंतर वापरली जाते. जणू पुढील तारखेचा चेक! शुक्राणू घडण्यास सुमारे ७ आठवडे लागतात. पक्व होण्यास आणखी दीड-दोन आठवडे.

मेंढ्याचे शरीर सुमारे ३९ अंशांवर असते. वृषणांना मात्र त्याहून ४-५ अंश कमी उष्णता लागते. कडक ऊन किंवा ताप यांमुळे हा क्रम बिघडतो. एप्रिल-मेच्या उन्हाचा परिणाम पावसाच्या तोंडी, नेमका मेंढ्या माजावर येण्याच्या वेळी, दिसू शकतो. मेंढा वरून धडधाकट दिसतो, आणि दोष मेंढीवर जातो.

श्रेयाचेही तेच. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोल मेंढ्यांमधील ‘फेक-बी’ हे जनुक संकराने दख्खनी मेंढ्यांत आणले. त्यातून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली. ती पुष्कळदा जुळी देते. या जनुकातील बदल शास्त्रज्ञांनी २००१ साली ओळखला. त्याचा प्रभाव मादीच्या बीजकोशात दिसतो. पण मेंढ्याच्या शुक्राणूतूनही ते लेकीकडे जाते.

तेव्हा हंगामापूर्वी दोन महिने मेंढ्याला सावली, पाणी, पोटभर चारा द्यावा आणि पशुवैद्यांकडून त्याची तपासणी करून घ्यावी. मगच मेंढी विकण्याचा विचार करावा.

विद्यार्थी मित्रहो, मूल झाले नाही की आपल्या घरांतही आधी सुनेलाच बोल लावतात. तपासणी दोघांचीही व्हावी, हे विज्ञान सांगते. एवढे जरी वाचकांच्या ध्यानी राहिले, तरी लिहिण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.